दुधाचे दात, रात्रीची वेळ

नमस्कार, श्रोतेहो.

"दुधाचेच दात आहेत, पडणारच की!" निफाडहून नातवाला घेऊन आलेल्या एक आजी परवा मला म्हणाल्या. नातू साडेतीन वर्षांचा. मी त्याचा वरचा ओठ उचलला, तर पुढच्या चार दातांचे नुसते तपकिरी खुंट उरलेले. खालचे दात मात्र पांढरेशुभ्र. असं दिसलं की कारण विचारावंच लागत नाही. बाळ रात्री दुधाची बाटली तोंडात धरून झोपतं. दूध वरच्या दातांभोवती साचतं, खालच्यांवर जीभ असते म्हणून ते वाचतात. झोपेत लाळही कमी सुटते, त्यामुळे तोंड आपोआप धुतलं जात नाही.

दुधाचे दात पडतात, हे खरं. पण मागच्या दाढा पडायला दहा-बारा वर्षांचं वय उजाडतं. तोवर भाकरी त्याच दाढांनी चावायची असते. दाढ किडून आधीच काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणारा पक्का दात वाकडा येतो. आणि दाढदुखीनं रात्रभर रडणारं लेकरू ज्यांनी पाहिलंय, त्यांना मी वेगळं काय सांगू?

साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसतो. त्या दिवसापासून ब्रश सुरू करा. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. मुलाचं डोकं आपल्या मांडीवर घ्या, ओठ बोटानं वर करा आणि ब्रश हिरडीच्या कडेनं हळूहळू फिरवा. तिथे खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. तेव्हाच दाखवलंत, तर ती बहुतेक वेळा थोपवता येते. फेस थुंकायला लावा, पण लगेच चूळ भरायला लावू नका. सकाळचा ब्रश हवाच, पण रात्रीचा कधीच चुकवू नका. त्यानंतर फक्त पाणी. सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांच्या हातात असू द्या.

मुलांच्या हिरड्यांना मिश्री लावू नका, हे तर मी हात जोडून सांगते. ती जाळलेली तंबाखूच आहे.

आपल्याकडे घरोघरी बेदाणे. द्या, पण जेवणासोबत. दिवसभर खिशातून एकेक खाल्ला की तो दाढेच्या खाचेत चिकटून राहतो. किती गोड खाल्लं, त्याहून किती वेळा खाल्लं, याला जास्त महत्त्व आहे.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. कुठलाही दात न पडता येते, म्हणून आईवडील तिला दुधाचीच समजतात. ती पक्की असते. मुलाला उजेडात बसवा, तोंड मोठं उघडायला सांगा आणि ती आली का ते बघा.