धुळीआडची सावली

[दृश्य: पांढरा लखलखाट, मग धुळीचा लोट]

रायफलची गोळी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर आदळतानाचं हे चित्रण. कॅमेऱ्याचा वेग भरपूर आहे, फोकसही अचूक आहे. तरी हाती लागला तो नुसता लखलखाट. गोळीचं टोक कसं दबलं, तांब्याचं कवच कुठे फाटलं, हे सगळं त्या लोटाआड उरकून गेलं.

क्ष-किरणांना धूर आणि ज्वाळा फारशा आडव्या येत नाहीत. आडवं येतं ते शिसं, तांबं, पोलाद. आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं.

अडचण वेळेची. सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघालेली गोळी एका मिलिसेकंदात ९० सेंटिमीटर पुढे जाते. दवाखान्यातल्या एक्स-रे यंत्राने टिपायला गेलं तर प्लेटवर गोळी उमटणारच नाही, उमटेल एक करडा पट्टा. इथे कामी येतो फ्लॅश एक्स-रे, म्हणजे क्ष-किरणांचा एकच अतिशय छोटा झोत. त्याचा स्पंद असतो साधारण ३० नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात तीच गोळी सरकते ०.०२७ मिलिमीटर. या मांडणीत शटर नसतंच. किरण आहेत तोवर एक्स्पोजर, किरण थांबले की संपलं.

[दृश्य: मार्क्स जनरेटरची नळी, मग तिच्या टोकाची एक्स-रे ट्यूब]

ही पद्धत १९३८ साली जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे पुढे आली. वीज पुरवतो मार्क्स जनरेटर. यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, समांतर जोडणीत चार्ज होतात आणि स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी उडणाऱ्या फटी, पेटल्या की एका झटक्यात एकसर (एकापुढे एक) जोडले जातात. ३० किलोव्होल्टचे १० टप्पे असतील तर टोकाला जवळपास ३०० किलोव्होल्ट. ट्यूबमध्ये तापणारी तार नसते. कॅथोडच्या, म्हणजे ऋण टोकाच्या, धारदार कडांमधून इलेक्ट्रॉन अक्षरशः उपटून काढले जातात.

आता खरी कसोटी: क्षण पकडायचा कसा?

[दृश्य: दोन चंदेरी पातळ पन्न्या, मध्ये कागदाचा थर]

दोन धातूच्या पन्न्या, मध्ये कागद. गोळी आरपार गेली की पन्न्या क्षणभर जोडल्या जातात आणि डिले युनिटला, म्हणजे ठरावीक वेळ थांबून ट्यूब उडवणाऱ्या यंत्राला, इशारा मिळतो. पन्नी पत्र्यापासून ४५ सेंटिमीटर आधी असेल, तर ५०० मायक्रोसेकंदांचा डिले लावायचा. पण गोळी ९०० ऐवजी ८८० मीटरच्या वेगाने आली, तर ठरल्या क्षणी ती पत्र्यापासून १ सेंटिमीटर अलीकडेच असते. छायाचित्र झकास निघतं, पण टक्कर व्हायच्या आधीचं! म्हणून पन्नी शक्य तितकी जवळ घ्यावी आणि वेग दर वेळी वेगळा मोजावा.

दुसरा घोळ जनरेटर स्वतःच घालतो. टकरीचे दोन क्षण टिपायला दोन ट्यूब वेगवेगळ्या वेळी उडवायच्या असतात. पहिलीच्या विद्युत धक्क्याने दुसरीचा ट्रिगरही उडतो आणि दोन्ही प्लेटवर एकच क्षण उमटतो. त्यावर उपाय म्हणजे ट्रिगरचा संदेश ऑप्टिकल फायबरमधून नेणं.

[दृश्य: लाकडी फळीमागे ठेवलेली कॅसेट, फळीत रुतलेले तुकडे]

फ्लॅट पॅनल, म्हणजे क्ष-किरणांचं चित्र थेट टिपणारा महागडा डिजिटल पडदा, टकरीच्या इतक्या जवळ ठेवायची हिंमत सहसा कोणी करत नाही. फिल्मच्या जागी आली ती फॉस्फर प्लेट. किरणांची ऊर्जा ती साठवते, स्कॅनरमधला लाल लेसर फिरला की निळसर प्रकाशाच्या रूपात परत देते. वापरण्याआधी ती तेजस्वी प्रकाशात पुसून घ्यायची. जुनी सावली राहिली तर नव्या चित्रात भुतासारखी डोकावते. नंतर मात्र उजेडात उघडली, तर नवं चित्रही पुसलं जातं.

कडा पुसट आल्या की बोट वेगाकडे दाखवलं जातं. बहुतेकदा दोष असतो मांडणीचा. ट्यूबचा फोकल स्पॉट, म्हणजे किरण जिथून निघतात तो ठिपका, १ मिलिमीटरचा, गोळी ट्यूबपासून २ मीटरवर, प्लेट तिच्या मागे अर्ध्या मीटरवर; एवढ्यानेच कड पाव मिलिमीटर पसरते. गोळीच्या सरकण्यापेक्षा ही धूसरता नऊपट! प्लेट पुढे आणली तर कड सुधारते, पण तुकडे प्लेटवरच आदळतात. ट्यूब मागे नेली तरी कड सुधारते, पण अंतर दुप्पट झालं की किरण चौथाईवर येतात आणि चित्र रवाळ होतं.

[दृश्य: संगणकावर गोळीची सावली, शेजारी ठरावीक अंतरावरच्या दोन तारांच्या रेघा]

मोजमाप करताना या तारा लागतात. सावली वस्तूपेक्षा मोठी पडते; किती पट, ते तारांमधल्या अंतरावरून कळतं. या मांडणीत १.२५ पट. पडद्यावर ४० मिलिमीटर भरलेली ही गोळी प्रत्यक्षात ३२ मिलिमीटरची आहे.