बोअरचा भुगा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एका घरी बोअर मारत होते. रात्रभर मशीन धडधडत होती, अख्खी गल्ली वैतागलेली, आणि मी चहाचा कप घेऊन गाडीमागे उभा. मला पाण्याशी काही देणंघेणं नव्हतं, भुग्याशी होतं. जन्मभर भूशास्त्र शिकवलं, ती खोड आता जायची नाही. बोअरवाला पोरगा शेवटी म्हणालाच, ‘‘सर, भुगा काय पाहता, पाणी लागते का नाही ते सांगा ना!’’

तुम्हीही कधी पाहा. नागपुरात काटोल रोडच्या बाजूला, सेमिनरी हिल्सकडे बोअर मारला की काळपट-राखाडी भुकटी उडते. तिथल्या वस्तीचं नावच गिट्टीखदान, म्हणजे दगड काळा, हे वेगळं सांगायला नको. शहराच्या पूर्वेला गेलात तर भुगा पांढुरका, गुलाबीसर, आणि त्यात अभ्रकाचे कण चमचमतात. कामठीला मात्र तांबूस रेती वर येते. यातला पूर्वेचा दगड सर्वांत जुना आणि पश्चिमेचा काळा सर्वांत नवा. माझा जीव अडकलाय तो मधल्यात, कामठीच्या वालुकाश्मात, म्हणजे नदीच्या रेतीच्या घट्ट झालेल्या दगडात.

नदीनं टाकलेला गाळ असा सहजासहजी टिकत नाही. एका पुरात येतो, दुसऱ्या पुरात वाहून जातो. तो टिकायचा तर खालची जमीन खचत राहावी लागते. धानाची कणगी डोळ्यांसमोर आणा. वरून धान ओतताय आणि तळ हळूहळू खाली सरकतोय, त्यामुळे कणगी भरतच नाही. कामठी, उमरेड, वर्धा खोरं, चंद्रपूर आणि पुढे थेट गोदावरीपर्यंत अशा खचणाऱ्या खोलगट पट्ट्या होत्या. काही ठिकाणी त्यांत हजारो मीटर गाळ साचला. दलदलीतली झाडं त्याखाली गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. कोराडी-खापरखेड्याची वीज म्हणजे तीच झाडं.

या साऱ्याची सुरुवात झाली बर्फानं. नागपूरच्या मे महिन्यात हे सांगणं म्हणजे थट्टाच, पण सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हा भूभाग दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावापाशी नदीकाठच्या चुनखडीवर समांतर ओरखडे आहेत. पोटात दगड घेऊन हिमनदी त्या खडकावरून घासत गेली, त्याच्या या खुणा.

बर्फ गेल्यावर जंगल आलं. कामठीजवळच्या सिलेवाड्याच्या तांबड्या दगडात त्याची पानं सापडली. जिभेसारखी लांबट, मधोमध जाड शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. भिंग धरलं की ती जाळी अजून मोजता येते. या झाडाचं नाव ग्लॉसोप्टेरिस. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती मेले, तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड निघाले. उपाशीपोटी ओढत आणलेले! त्या दगडांत याच जातीची पानं होती. अंटार्क्टिका, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपण तेव्हा एकाच खंडात होतो. त्या खंडाचं नाव गोंडवन. ज्या गोंड राजानं नागपूर वसवलं, त्याच्या लोकांचं नाव जगभरच्या पुस्तकांत गेलं आहे, आणि आपल्या पोरांना ते ठाऊक नसतं. माझी ही जुनी तक्रार आहे.

काळा दगड खूप नंतरचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीच्या भेगांतून लाव्हा आला, थरावर थर साचले. पण तो सलग नाही आला. मध्ये विसावा असायचा. त्या विसाव्यात वरचा थर कुजून माती व्हायची, खोलगट जागी तळी साठायची, तळ्यांत गोगलगायी रांगायच्या. मग पुन्हा लाव्हा! शहराला लागूनच असलेल्या टाकळीच्या दगडात या गोगलगायींचे शंख स्टीफन हिस्लॉप यांना मिळाले. हे स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आले. आपण त्यांना हिस्लॉप कॉलेजच्या नावापुरतं ओळखतो. कामठी-सिलेवाड्याची पानंही त्यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी गोळा केली आणि १८५५ साली ती माहिती लंडनमध्ये छापून आली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची दगडी वर्तुळं, म्हणजे प्राचीन थडग्यांभोवतीची दगडांची रिंगणं, पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात हिस्लॉप बुडाले.

तर आमच्या गल्लीतला बोअर. रात्री दोनच्या सुमारास काळा भुगा एकदम लाल झाला, विटेच्या चुऱ्यासारखा. पोरगा म्हणाला, ‘‘माती आली सर, बंद करू का?’’ मी म्हटलं, ‘‘अजिबात नको.’’ ती माती म्हणजे दोन लाव्ह्यांमधला विसावा, आणि तिच्याखाली पुष्कळदा जाळीदार, पाणी धरणारा दगड असतो. आणखी वीसेक फुटांवर पाणी लागलं. दीड इंच. घरमालकांनी मला पेढा दिला, मी खिशात चिमूटभर लाल माती घेऊन घरी आलो.