ही फाइल कोणाची?

(दृश्य: टर्मिनलचा काळा पडदा. फाइलींची यादी. मालकाच्या रकान्यावर कॅमेरा.)

या रकान्यात नाव असायला हवं. इथे आकडा आहे: १००३.

लिनक्सच्या डिस्कवर फाइलीपाशी मालकाचं नाव लिहिलेलं नसतंच. असतो तो फक्त आकडा, यूआयडी, म्हणजे खात्याचा क्रमांक. यादी दाखवणारा एलएस हा आकडा इटीसी डिरेक्टरीतल्या पासडब्ल्यूडी या खात्यांच्या फाइलीत शोधतो. नाव सापडलं तर नाव छापतो, नाहीतर आकडाच. म्हणजे १००३ क्रमांकाचं खातं इथे कधीतरी होतं. ते काढलं गेलं, फाइली राहून गेल्या.

(दृश्य: नवं खातं उघडणारा ॲडयूजर चालवला जातो. पासवर्ड टाइप होतो, पडद्यावर काहीच उमटत नाही.)

हा डेबियन १२ चा सर्व्हर; डेबियन म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. इथला ॲडयूजर १००० पासून वर मोजत जातो आणि पहिला मोकळा आकडा उचलतो. मोकळा आहे १००३.

आता तीच यादी पुन्हा. रकान्यात नाव आलंय, आत्ता उघडलेल्या खात्याचं. आधीच्या माणसाचा बॅकअप आणि त्याच्या खाजगी किल्ल्या, सगळं या नव्या नावावर. कुठला इशारा आला नाही, लॉगमध्ये तक्रार नाही.

(दृश्य: कंपायलरच्या ओळी भराभर वर सरकतात.)

फाइल कोणत्या खात्याची, हे निदान आकड्यावरून कळतं. ती कोणत्या सॉफ्टवेअरची, हे मात्र एके काळी कळायचंच नाही. टारबॉल, म्हणजे सोर्स कोडचा गठ्ठा, उतरवायचा, उघडायचा, कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. पडद्यावर धावतंय ते हेच. शेवटची पायरी फाइली जागोजागी ठेवते, पण कुठे काय ठेवलं याची मध्यवर्ती वही लिहीत नाही. सॉफ्टवेअर काढायचं तर मूळ सोर्सची डिरेक्टरी जपून ठेवलेली हवी, आणि लिहिणाऱ्याने मेक अनइन्स्टॉलची सोय केलेली हवी. बहुतेक वेळा दोन्ही नसतं.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये इयन मरडॉक यांनी डेबियनची घोषणा केली. त्यांची तेव्हाची मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयन, या दोन नावांतून हे नाव जुळवलं. डेबियनचा डीपीकेजी हा प्रोग्राम ही वही ठेवतो: प्रत्येक पॅकेजामागे, म्हणजे बांधून दिलेल्या सॉफ्टवेअरमागे, त्याने टाकलेल्या फाइलींची यादी. कोणत्या पॅकेजाला दुसरं कोणतं पॅकेज लागतं हे शोधून सगळं एकदम आणून देणारा ॲप्ट १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत आला.

(दृश्य: डीपीकेजी, डॅश कॅपिटल एस, आणि पुढे फाइलींच्या नकला करणाऱ्या आरसिंकचा पाथ.)

वहीला विचारलं, ही फाइल कोणाची? उत्तर एका ओळीत: आरसिंक. आता यूएसआर लोकलच्या बिनमधली एक फाइल विचारू. उत्तर: जुळणारा पाथ सापडला नाही. ही कोणीतरी हाताने आणून ठेवली आहे. तिला सुरक्षा अपडेट कधीच येणार नाही.

(दृश्य: ॲप्ट अपडेट. मिरर सर्व्हरांची नावं, डाउनलोडचे टक्के.)

अपडेटने एकही पॅकेज बदलत नाही, फक्त याद्या ताज्या होतात. बदल करतो तो अपग्रेड. डाउनलोडचा पत्ता साधा एचटीटीपी आहे हे पाहून दचकायला नको. रिलीज फाइलीवर डेबियनची डिजिटल सही असते, तिच्यात पॅकेजांच्या यादीचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, आणि त्या यादीत प्रत्येक पॅकेजाचा. वाटेत एक अक्षर बदललं तरी साखळी तुटते आणि ॲप्ट नकार देतो. बाहेरची रेपॉझिटरी, म्हणजे पॅकेजांचं कोठार, जोडताना तिची सही तपासायची किल्ली इटीसी ॲप्टखालच्या कीरिंग्जमध्ये ठेवायची आणि सोर्सच्या ओळीत साइन्ड-बाय लिहून त्या एकाच रेपॉझिटरीपुरती बांधायची. जुनी ॲप्ट-की वापरली, तर ती किल्ली सगळ्याच रेपॉझिटरींना चालते. वेबवरची एक ओळ उचलून रूट, म्हणजे सर्वाधिकारी खातं, म्हणून आज्ञा चालवणाऱ्या बॅशमध्ये ओतायची रीत आहे, तिथे तर ही तपासणी होतच नाही. दुर्दैवाने ती रीत फार लोकप्रिय आहे.

(दृश्य: अपग्रेडचा सारांश. कर्सर 'वाय' किंवा 'एन' ची वाट पाहतोय.)

इथे थांबायचं. किती अपग्रेड, किती नवीन, आणि मुख्य म्हणजे किती काढले जाणार. साधा अपग्रेड काही काढत नाही, फुल-अपग्रेड आणि इन्स्टॉल काढू शकतात. काढायच्या यादीत डेटाबेसचं नाव दिसलं, तर उत्तर 'एन'.

(दृश्य: एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनबद्दल प्रश्न.)

हा प्रश्न येतो कारण फाइल आपण बदललेली आहे आणि पॅकेजानेही नवी आणली आहे. नुसतं एंटर दाबलं की आपली राहते, नवी शेजारी डीपीकेजी-डिस्ट या शेपटीने ठेवली जाते. घाईत 'वाय' दाबलं तर आपली जुनी डीपीकेजी-ओल्ड होते आणि साइट आपल्या सेटिंगांशिवाय उभी राहते. आधी 'डी' दाबून फरक बघायचा. इतकं साधं आहे, तरी फार कमी लोक बघतात.

(दृश्य: टीमक्सची हिरवी पट्टी.)

अपग्रेड टीमक्समध्ये चालवायचा; तो सेशन सर्व्हरवर जिवंत ठेवतो. लाइन तुटली तरी डीपीकेजी अर्ध्यात मरत नाही. मेलाच, तर डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए. सकाळी ६ ते ७ च्या दरम्यान 'लॉक मिळत नाही' असं दिसलं, तर बहुधा आपोआप अपडेट बसवणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स चालू आहे; त्याचा टायमर ६ ला असतो आणि पुढे तासाभरापर्यंत कधीही सुटतो. लॉकची फाइल पुसायची नाही, वाट पाहायची. ओपनएसएसएलसारखी एन्क्रिप्शनची लायब्ररी बदलली, की आधीपासून चालू असलेली प्रोसेस मेमरीतली जुनीच वापरत राहते. कोणती सर्व्हिस पुन्हा सुरू करायची ते नीडरीस्टार्ट सांगतो. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बदलला तर रीबूटच.

(दृश्य: यूजरमॉड. डॅश कॅपिटल जी वर क्लोजअप.)

आता खाती. एका माणसाला एक खातं; सगळ्यांत मिळून रूटचा एक पासवर्ड नको. नावं रोमन लिपीत आणि लहान अक्षरांत. देवनागरी नावाला ॲडयूजर मुळातच हरकत घेतो.

या ओळीने खात्याला डॉकर गट जोडायचा होता, पण तिच्यात एक अक्षर कमी आहे. डॅश ए जी लिहायचं होतं, लिहिलं नुसतं जी. 'ए' असता तर डॉकर गट आधीच्या गटांत भरला गेला असता. त्याच्याविना आधीचे सगळे जादा गट गेले, त्यात रूटचे अधिकार देणारा सुडोही. चालू सेशनमध्ये जुने गट टिकून असतात, म्हणून चूक लगेच दिसत नाही. दिसते पुढच्या लॉगिनला. लक्षात आलं तर ते सेशन बंद करायचं नाही, तिथूनच दुरुस्त करायचं. (डॉकर गट देणं म्हणजे जवळपास रूट देणंच. गट भलत्यालाच देत नाही ना, हे आधी बघावं.)

(दृश्य: पासवर्डांचे हॅश ठेवणाऱ्या शॅडो फाइलीतली एक ओळ. हॅशच्या आधी उद्गारचिन्ह.)

माणूस काम सोडून गेला. पासडब्ल्यूडी, डॅश एल ही आज्ञा दिली. हॅशच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह आलं, आता कुठलाच पासवर्ड जुळणार नाही. पण ही बघा खिडकी: तोच माणूस एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिनच्या, किल्लीने आत. किल्लीला पासवर्ड लागतच नाही. म्हणून खात्याची मुदत संपवायची: यूजरमॉड, डॅश डॅश एक्सपायरडेट, १. हा १ म्हणजे १ जानेवारी १९७० नंतरचा पहिला दिवस.

मग पीकिल, डॅश यू, म्हणजे त्याच्या चालू प्रोसेस बंद. त्याचा क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी चालणाऱ्या कामांची यादी, आधी डॅश एल ने वाचायचा. रात्रीचा बॅकअप नेमका तिथेच असतो. कामाच्या ओळी एखाद्या सर्व्हिस खात्यावर हलवायच्या आणि मगच डॅश आर ने तो पुसायचा.

खातं काढून टाकायचं का? आमच्या मते नाही. पासडब्ल्यूडीत एक ओळ जास्त राहिल्याने काही बिघडत नाही, आणि ती आहे तोवर तो आकडा दुसऱ्याला मिळत नाही. काढायचंच असेल तर डीलयूजरला बॅकअपचा पर्याय द्यायचा, आणि त्याआधी फाइंड, डॅश यूजर लावून त्याच्या होम डिरेक्टरीबाहेरच्या फाइली शोधून दुसऱ्याच्या नावावर करायच्या. व्हार डिरेक्टरी वेगळ्या पार्टिशनवर असेल आणि शोध एकाच पार्टिशनपुरता ठेवणारा डॅश एक्सडेव्ह लावला असेल, तर तिथे शोध वेगळा घ्यावा लागतो.

(दृश्य: दोन खिडक्या. डावीकडे किल्लीने लॉगिनचा प्रयत्न: खात्याची मुदत संपली आहे, प्रशासकाशी संपर्क साधा. उजवीकडे फाइंड, डॅश नोयूजर.)

उजवीकडचा शोध मालक नसलेल्या फाइलींचा. डिस्कचा दिवा लुकलुकतो. प्रॉम्प्ट परत येतो. मध्ये एकही ओळ छापलेली नाही.