उचल

(पहाट. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळच्या बाजूचा उसाचा फड. धुक्यात कोयत्यांचा आवाज.)

दिवाळी सरली की पंचगंगेच्या काठानं ऊसतोड मजुरांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. बीडची माणसं, पाथर्डीची, जतची, काही कर्नाटकातली. आज हा जो ऊस पडतोय, त्याची मजुरी यांच्या हातात पावसाळ्यातच पडली होती. खर्चूनही झाली. तिलाच म्हणायचं उचल.

पेरणी तोंडावर येते, पोरीचं लग्न ठरतं, कुणाला दवाखान्यात ठेवावं लागतं. बँकेत जायचं तर सातबाऱ्यावर कोरडवाहू तुकडा, काहींचा तोही नाही. पगाराची पावती नाही, आणि निम्मं वर्ष माणूस गावातच नसतो. अशाला दारात उभं करतो तो एकटा मुकादम, तोडणीची टोळी जमवणारा. गावचाच, पुष्कळदा भावकीतला.

पण मुकादमाकडं तरी एवढा पैसा कुठला?

(अंगणात ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या.)

इथला. कारखाना मजुराशी थेट बोलत नाही. त्याचा तोडणी-वाहतुकीचा करार असतो ट्रॅक्टरमालकाशी. कारखान्याचा ॲडव्हान्स पुरत नाही, म्हणून मालक पतसंस्था, सोनंतारण, पावणेरावळे असं करत रक्कम जुळवतो आणि मराठवाड्याची वाट धरतो. तिथं स्टॅम्पपेपर, नोटरी, मुकादमाचा सही केलेला चेक, जामीनदार. कागद इथं संपतो. मुकादमाच्या पुढं फक्त वही. नाव, आकडा, अंगठा.

पैसे गेले आणि टोळी आलीच नाही, ही तक्रार जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यांना नवी नाही. 'मुकादमानं टोपी घातली' एवढंच गावात म्हणतात. पण त्या टोपीपायी मालकाची जमीन अडकते, ट्रॅक्टरचा हप्ता थकतो. कधी उलटं होतं. पैसे फिटेपर्यंत माणसालाच अडकवून ठेवतात. उचलीपोटी माणसाला असं जखडणं 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं गुन्हा आहे. फडात तो कायदा कुणी वाचलेला नसतो.

(जवळून: वहीचं पान. बोट आकड्यांवरून सरकतंय.)

हिशेब मांडून बघू. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला साधारण 366 रुपयांवर आला. नवरा-बायको मिळून एक कोयता. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले तर 732 रुपये. उचल लाखाची असेल तर फिटायला 137 दिवस. साडेचार महिने, तेही एक खाडा न पडता. इकडचा हंगाम कधीकधी तेवढाही चालत नाही! मग उरते ती बाकी, आणि बाकी पुढच्या सालावर जाते. मुकादमाचं कमिशन मजुरीवर 20 टक्के. ते कारखाना वरून देतो, म्हणून मजुराला वाटतं, आपल्याला पैसा बिनव्याजी मिळाला. मला विचाराल तर व्याज आहेच. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडं जायची मोकळीक गेली, ती काय फुकट गेली?

आणि त्या वहीत बाईचं नाव शोधून बघा. अर्धा कोयता तिचा. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते तीही. उचल मात्र नवऱ्याच्या हातात, त्याच्याच नावावर.

(संध्याकाळ. रस्त्याकडेला वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या.)

तिचा व्यवहार वेगळा आहे. ऊस साळताना निघालेलं वाढं ती बाजूला टाकते, पेंढ्या बांधते. म्हशीवाले मोटारसायकलवरून येतात, घासाघीस करतात, पेंढ्या मागं बांधून नेतात. पैसे रोख. मीठ-मिरची, तेल, पोराचं औषध त्यातूनच.

शेवटचा गिऱ्हाईक गेला. तिनं नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि चुलीपुढं बसली. मुकादम दोन कोप्या सोडून वही लिहीत होता.