खळ्यावरची चौकोनी लहर

(दृश्य: घराचं छत, फिरता पंखा. मूळ आवाज तसाच ठेवावा.)

लाईन गेली की या घरातला पंखा गुणगुणायला लागतो. ऐका.

यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव. तारेवरून येणारी वीज सेकंदाला 50 वेळा गोलाईनं चढते, गोलाईनं उतरते. कोपऱ्यातला हा स्वस्त इन्व्हर्टर तसं करत नाही. तो झटक्यानं वर जातो, तिथंच थांबतो आणि झटक्यानं खाली येतो. लहर चौकोनी होते. पंखा तोच, पातीही तीच. मग हा आवाज आला कुठून?

(दृश्य: सकाळचं खळं, सारवलेली जमीन)

उत्तर शोधायला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची पोरं इथं जमली आहेत. तूर निघाली, पोत्यात गेली. मागं राहिल्या तुऱ्हाट्या. त्या एरवी चुलीत जातात, आज त्यांची मापं घेतली जाताहेत. सर गणित मराठीत शिकवतात, आणि अवघड जागा आली की वऱ्हाडीत.

ही सुतळी 6 मीटर लांब आहे. लहरीचं अर्धं आवर्तन, म्हणजे 180 अंश. दर अर्ध्या मीटरला चुन्याची खूण, दर 15 अंशांना एक. या पूर्ण लांबीत लहर सुतळीच्या 50 सेंटिमीटर वर सपाट राहायला हवी. पुढच्या अर्ध्यात तेवढीच खाली. अट एकच : सगळं गोल लहरींतूनच घडवायचं.

गोल लहर म्हणजे साइन. आपल्याकडे तिला ज्या म्हणत, धनुष्याची दोरी. हाच शब्द जीवा होऊन अरबीत गेला, तिथं त्याचं वाचन बदललं, लॅटिनमध्ये तो सायनस झाला आणि साइन होऊन आपल्याच पोरांच्या वहीत परत आला. खळ्यावर बसलेल्या या पोरीला हे सांगितलं तेव्हाचा तिचा चेहरा पाहा.

(दृश्य: चेहरा. इथं निवेदन थांबवावं.)

कोणतंही आवर्ती फल, म्हणजे ठरावीक अंतरानं तशीच पुन्हा येणारी रेघ, अशा लहरींची बेरीज म्हणून मांडता येतं, असं 1807 मध्ये पॅरिसमध्ये एका माणसानं मांडलं. जोसेफ फुरिये. ओसेर गावच्या शिंप्याचा मुलगा, लहानपणीच पोरका झालेला. तो उष्णता धातूतून कशी पसरते ते शोधत होता. लाग्रांजसारख्या दिग्गज गणितज्ञाला ते पटलं नाही : तुटक, कोपऱ्याची रेघ गोल लहरींतून कशी निघेल? फुरियेचा ग्रंथ छापून यायला 1822 उजाडलं. बेरीज कोणत्या अटींवर जुळते हे गणितज्ञ डिरिक्ले यांनी 1829 मध्ये सिद्ध केलं. लाग्रांजची शंका पोकळ नव्हती. तिचं उत्तर याच खळ्यावर थोड्या वेळानं दिसेल.

आता खरा प्रश्न : कोणती लहर किती घ्यायची? पहिली लहर एका आवर्तनात एकदा वरखाली होते, दुसरी दोनदा, तिसरी तीनदा.

धान्य उफणताना वारा भुसा उडवतो आणि दाणा पायाशी पडतो. इथंही तेच. तिसरी लहर किती आहे ते हवं, तर मूळ फलाला तिसऱ्या लहरीनं गुणायचं आणि पूर्ण आवर्तनावर इंटिग्रेशन करायचं, म्हणजे वरचं अधिक आणि खालचं वजा धरून सगळं एकत्र करायचं. पहिली, पाचवी, सातवी, सगळ्यांची बेरीज शून्य होऊन उडून जाते. उरते फक्त तिसरी.

हे सर फळ्यावर करत नाहीत. ते फावडं घेतात.

(दृश्य: माती ओढून केलेले ढिगारे आणि खड्डे)

दुसऱ्या लहरीला अर्ध्या आवर्तनात एक ढिगारा आणि एक खड्डा. "पाय, माती लोटली का काही उरते?" उरत नाही. चौथीत दोन ढिगारे, दोन खड्डे. सपाट. म्हणून सम क्रमांकाच्या सगळ्या लहरी बाद. तिसरीत दोन ढिगारे आणि एक खड्डा, म्हणजे एक ढिगारा शिल्लक. पण तो पहिल्याच्या एक तृतीयांश. पाचवीत एक पंचमांश. कोसाइन, म्हणजे पाव आवर्तन सरकलेली साइन, तर आलीच नाही, कारण ही लहर शून्याच्या दोन्ही बाजूंना उलटसुलट सारखी आहे. हिशोब इतकाच : 50 सेंटिमीटरला 4 नं गुणा, पायनं भागा, मग क्रमांकानं भागा. पहिलीची उंची 64 सेंटिमीटर, तिसरीची 21, पाचवीची 13.

(दृश्य: कोयत्यानं तुऱ्हाट्या तोडणं, मोजपट्टी)

तीन लहरींसाठी 31 काड्या लागल्या. प्रत्येक खुणेवर त्या एकापुढं एक ठेवायच्या, वजा असेल तिथं मागं यायचं. 15 अंशांवर साडेसोळा, 15 आणि 12 : एकूण 44 च्या आसपास. 60 अंशांवर तिसरी लहर शून्य, तिथं काडीच नाही. मधोमध 64, त्यातून 21 मागं, 13 पुढं : 55. आता वरून पाहा.

(दृश्य: झाडावरून घेतलेलं. पूर्ण रांग. दहा सेकंद काही बोलू नये.)

तीनच लहरी, आणि डोंगराचं पठार झालं.

फक्त दोन्ही टोकांजवळ, 30 आणि 150 अंशांवर, रेघ 59 च्या वर गेलीय. "सर, शिंगं निंगाली!" हीच ती लाग्रांजच्या शंकेची जागा. लहरी वाढवल्या की शिंगं कडेला सरकतात, बारीक होतात, पण बुटकी होत नाहीत. खालच्या 50 पासून वरच्या 50 पर्यंत, 100 सेंटिमीटरच्या उडीला सुमारे 9 सेंटिमीटरचं शिंग राहतंच. विलब्रहॅम नावाच्या गणितज्ञानं हे 1848 मध्ये लिहिलं होतं, नाव मात्र 1899 मध्ये लिहिणाऱ्या गिब्जचं लागलं.

पंख्याची गोष्ट आता सोपी आहे. चौकोनी लहरीतली 81 टक्के शक्ती पहिल्या, सेकंदाला 50 वेळा येणाऱ्या लहरीत. उरलेली 150, 250, 350 मध्ये वाटलेली. त्या पंखा फिरवत नाहीत, त्याला थरथरवतात. गुणगुण येते ती यांच्यामुळं. मोटारी त्यामुळं जास्त तापतात, वायंडिंगचं आयुष्य घटतं.

(दृश्य: संध्याकाळ, काड्यांची मोळी बांधणं)

मोळी चुलीकडे गेली नाही, बाजूला ठेवलीय. त्या पोरीनं वहीत पुढची लहर काढली आहे, करवतीच्या दातांसारखी : हळूहळू चढणारी, एकदम पडणारी. तिच्यात सम क्रमांकाच्या लहरीही येतात. या काड्या पुरणार नाहीत. उद्या शेजारच्या वावरातून आणायच्या आहेत.