यंत्र शिकतं म्हणजे नेमकं काय करतं?

एआय, मॉडेल, डेटा, ट्रेनिंग हे शब्द तुमच्या कानावर रोज पडतात. त्यांच्या व्याख्या मी सांगणार नाही. त्या पाठ होतात आणि विसरल्याही जातात. आपण एकच काम घेऊ. हाताने लिहिलेला इंग्रजी अंक यंत्राला ओळखायला लावायचा.

१९५६ मध्ये डार्टमथ कॉलेजात संशोधक जमले, तेव्हापासून ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ (एआय) हे नाव रूढ झालं. अंक ओळखण्याचा एक मार्ग म्हणजे नियम लिहून देणं: एकावर एक दोन गोल दिसले की आठ. पण कुणाचा वरचा गोल उघडाच राहतो, कुणाचा आठ थेट तीनकडे झुकतो. किती नियम लिहिणार? मशीन लर्निंगमध्ये नियम सांगत नाहीत, उदाहरणं दाखवतात.

एमनिस्ट नावाचा प्रसिद्ध संच आहे, ७०,००० अंकांच्या चित्रांचा. प्रत्येक चित्र २८ बाय २८ ठिपक्यांचं, म्हणजे यंत्राच्या लेखी ७८४ संख्या, कुठला ठिपका किती गडद ते सांगणाऱ्या. हा झाला डेटा. अगदी साध्या मॉडेलमध्ये प्रत्येक ठिपका दहाही अंकांना कमी-जास्त वजन देतो. ७८४ गुणिले १०, म्हणजे ७,८४० वजनं. ज्या अंकाची बेरीज सगळ्यांत जास्त, ते यंत्राचं उत्तर. सुरुवातीला ती वाटेल तशी असतात, त्यामुळे उत्तरंही वाटेल तशी येतात. उत्तर चुकलं की चूक कमी होईल त्या दिशेने प्रत्येक वजन किंचित सरकवायचं. हे ६०,००० चित्रांवर पुन्हा पुन्हा करायचं, हेच ट्रेनिंग. उरलेली १०,००० चित्रं परीक्षेसाठी झाकून ठेवतात, नाहीतर पाठांतर कुठलं आणि समज कुठली ते कळणार कसं? एवढ्याशा मॉडेललाही शंभरातले नव्वदच्या आसपास अंक जमतात. ठिपके आणि उत्तर यांच्या मध्ये अशा वजनांचे आणखी थर घातले की न्यूरल नेटवर्क, थर वाढवत नेले की डीप लर्निंग.

आता गंमत बघा. या मॉडेलला देवनागरी ४ दाखवला तर ते बहुधा आठ म्हणेल. त्यात त्याचा काय दोष? त्या संचातले अंक अमेरिकेतल्या जनगणना खात्याच्या कर्मचाऱ्यांनी आणि शाळकरी मुलांनी लिहिलेले आहेत. डेटातला पक्षपात म्हणतात तो हा, त्यात कुणाचा वाईट हेतू असावाच लागतो असं नाही. आणि ‘अ’ दाखवला तर? तरीही दहातला एक अंक येणारच, कारण ‘माहीत नाही’ हे अकरावं उत्तर आपण ठेवलेलंच नाही.

चॅटबॉटच्या पोटातलं भाषा-मॉडेलही याच जातीचं, फक्त अवाढव्य. २०२० च्या जीपीटी-३ या भाषा-मॉडेलमध्ये अशी १७,५०० कोटी वजनं होती. ते अंक ओळखत नाही, पुढचा टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा कोणता असावा याचा अंदाज बांधतं. अंदाज खरा असो वा खोटा, वाक्य सफाईदारच येतं. म्हणून नसलेल्या पुस्तकाचं नाव ते बिनदिक्कत सांगून जातं. याला हॅल्युसिनेशन म्हणतात. ‘पण आता ते इंटरनेटवर शोधतं ना?’ असं कुणीतरी विचारणारच. शोधतं, आणि त्याने चुका कमीही होतात. पण सापडलेला मजकूर समोर ठेवूनही उत्तर जुळवलं जातं ते टोकनमागून टोकन, अंदाजानेच.