जेलच्या साइटवर ‘रिलीज्ड’ दिसलं म्हणजे माणूस सुटला का? काउंटी जेलचं रेकॉर्ड कसं शोधायचं

नमस्कार मंडळी, केटीहून बोलतेय, टेक्सासमधून. बॉण्डवरचा, म्हणजे जामिनावरचा, मागचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली एकच प्रश्न येतोय, ताई, अमुक माणूस काउंटी जेलमधून सुटला का, कधी सुटला, हे कुठे बघायचं. कुणाला भाच्याची काळजी आहे, कुणाला घर भाड्याने द्यायचंय, एका काकूंनी नगरहून लिहिलंय की मुलाच्या रूममेटला पकडलंय आणि मुलगा दोन दिवस फोन उचलत नाहीये. म्हणून आज फक्त हाच विषय. मी वकील नाहीये, एका क्रिमिनल डिफेन्स वकिलाच्या ऑफिसात काम करते, पण ही शोधाशोध माझी रोजची आहे.

बेसिक पटकन उरकते. जेल आणि प्रिझन, आपण मराठीत दोन्हीला तुरुंग म्हणतो पण इथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग, तिथलं जेल बहुतेक ठिकाणी शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीस प्रमुख, चालवतो, तिथे केस चालू असलेले लोक असतात आणि साधारण वर्षभराच्या आतली शिक्षा झालेले. प्रिझन राज्याचं. फेडरल प्रिझनची यादी पूर्ण वेगळी, तिच्यात 1982 पासूनचे लोक सापडतात. अलास्का, हवाई, कनेटिकट, डेलावेअर, ऱ्होड आयलंड, व्हर्माँट, या सहा राज्यांत जेल पण राज्यच चालवतं, तिथे काउंटी शोधत बसू नका. आणि लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. झालं. काउंटीच्या स्वतःच्या साइटवरून शेरीफच्या पानावर जायचं, तिथे इन्मेट सर्च किंवा जेल रोस्टर, म्हणजे कैद्यांची यादी, असतं, नाव टाकायचं. गूगलवर सगळ्यात वर ज्या जाहिराती येतात त्यांच्यावर क्लिक करू नका, ते आपण नंतर बोलू.

आता गाडी अडते कुठे ते सांगते. आमच्या शेजारच्या वहिनींचा भाचा, शिकायला आलेला, एका शनिवारी रात्री गाडी चालवताना पकडला गेला. वहिनी रात्री एकला माझ्या ओट्याशी लॅपटॉप घेऊन उभ्या, हात थरथरतायत, आणि नाव टाकलं की ‘नो रेकॉर्ड्स फाउंड’. परत टाकलं, परत तेच. आता बघा, केटी हे एकच गाव तीन काउंट्यांत आहे, हॅरिस, फोर्ट बेंड आणि वॉलर. पत्त्यावर केटी लिहिलंय म्हणून काउंटी कळत नाही. अटक ज्या जागी झाली त्या जागेची काउंटी लागते, राहत्या घराची नाही. आम्ही तासभर चुकीच्या काउंटीत शोधत होतो.

बरोबर काउंटीत गेल्यावरही सापडेना. का, तर नाव. आपल्या पासपोर्टवर बऱ्याच जणांचं वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात गेलेलं असतं, मग लायसन्सवर काहीतरी तिसरंच होतं आणि बुकिंग, म्हणजे जेलमध्ये नोंद, करणारा माणूस त्यातलं जे शेवटचं दिसेल ते आडनाव धरतो. ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांच्या पहिल्या नावाच्या जागी एफएनयू येतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली तीन अक्षरं टाका, नाही सापडलं तर वडिलांच्या नावाची तीन अक्षरं आडनावाच्या रकान्यात टाका, नाहीतर उलटं करा, आणि मग जन्मतारखेवरून ओळखा. तो भाचा वडिलांच्या नावाखाली सापडला, पहाटे पाचला. सापडल्यावर पहिलं काम काय, बुकिंग नंबर कागदावर लिहून घ्यायचा. हॅरिसमध्ये माणसाला एक एसपीएन नंबर पण असतो, तो पण लिहा. नाव चुकतं, नंबर चुकत नाही.

आणि आता जे सांगायला हा व्हिडिओ केलाय ते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पानावर त्याच्या नावापुढे आलं ‘रिलीज्ड’. वहिनींनी लगेच साताऱ्याला फोन लावला, सुटला हो सुटला, तिकडे बहिणीने देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळ झाली तरी पोरगा घरी नाही. रात्र झाली तरी नाही. तो सुटला नव्हताच. शेजारच्या काउंटीत त्याच्या नावावर एक जुनं वॉरंट होतं, तिथले लोक येऊन त्याला घेऊन गेले होते. पहिल्या जेलच्या दृष्टीने तो ‘रिलीज्ड’, कारण तो आता त्यांच्या ताब्यात नाही. बस. त्या शब्दाचा अर्थ तेवढाच.

मराठीतच गोम आहे बघा. आपण ‘जामिनावर सुटला’ म्हणतो आणि ‘निर्दोष सुटला’ पण म्हणतो, दोन्हीकडे सुटलाच. त्यामुळे इंग्रजीत रिलीज्ड वाचलं की डोक्यात आपोआप सुटला येतं, आणि मग ज्याला जे हवंय ते तो त्यात वाचतो. आईला वाटतं केस संपली. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपला वाटतं पैसे भरून बाहेर आला. दोघंही अंदाजच करतायत. जेलला केसचं काही पडलेलं नसतं, माणूस आत कधी आला आणि दारातून कधी गेला एवढीच नोंद त्यांच्याकडे असते.

म्हणून ‘रिलीज्ड’च्या बाजूला रिलीज रीझन किंवा रिलीज टाइप असा रकाना आहे का ते शोधा. तिथे बॉण्ड लिहिलं असेल तर केस चालू आहे, कोर्टाची तारीख आहे, ती चुकवली की परत वॉरंट निघतं. टाइम सर्व्ड असेल तर शिक्षा भोगून झाली. डिसमिस्ड असेल तर ती केस काढून टाकली, पण तरी कोर्टात खात्री करा. आणि ट्रान्सफर किंवा अदर एजन्सी असं काही असेल तर माणूस अजून ताब्यात आहे, फक्त दुसऱ्याच्या. आपल्या व्हिसावरच्या मुलांसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण इमिग्रेशनवाले जेलला विनंती पाठवू शकतात की सुटकेच्या वेळेनंतर याला अजून 48 तासांपर्यंत थांबवा, आम्ही येतो. तसं झालं असेल तर काउंटीच्या साइटवर रिलीज्ड दिसणार आणि माणूस आइसच्या, म्हणजे त्या इमिग्रेशनवाल्यांच्या, डिटेनी लोकेटर नावाच्या ऑनलाइन शोधात सापडणार. तिथे ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशनने दिलेला नंबर, आणि जन्माचा देश लागतो, किंवा नाव आणि जन्माचा देश, आणि तिथे मात्र नाव अक्षर न अक्षर जुळावं लागतं, तीन अक्षरांची युक्ती चालत नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका दादांनी विचारलंय की रोस्टरवर बॉण्डची रक्कमच नाहीये, म्हणजे जामीन नाकारला का. नाही दादा. न्यू जर्सीने 1 जानेवारी 2017 पासून पैशाचा जामीन जवळपास बंदच केलाय, इलिनॉयने 18 सप्टेंबर 2023 पासून पूर्ण बंद केलाय. रक्कम नसणं तिथे नॉर्मल आहे.

पुढची अडचण, माणूस बाहेर पडला की बऱ्याच काउंट्यांच्या रोस्टरवरून नावच जातं. शिकागोच्या कुक काउंटीच्या सर्चमध्ये सध्या आत असलेलेच दिसतात. मग लोक म्हणतात रेकॉर्डच नाही. रेकॉर्ड आहे, ते कोर्टाच्या क्लर्ककडे आहे, आणि केसचं खरं काय झालं ते तिथेच कळतं. टेक्सासमध्ये मोठे गुन्हे डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे, छोटे साधारण काउंटी क्लर्ककडे, हॅरिसमध्ये दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. नाव किंवा केस नंबर टाका आणि ‘डिस्पोझिशन’ हा शब्द शोधा. निकालाचा रकाना तो. माझं म्हणणं एवढंच की रिलीज्ड वाचून थांबायचं नाही, डिस्पोझिशन वाचल्याशिवाय कुणाबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

सुटकेची तारीख आणि वेळच हवी असेल, म्हणजे नोकरीसाठी, इमिग्रेशनच्या फाइलसाठी लागते बऱ्याचदा, तर शेरीफ ऑफिसला लेखी रेकॉर्ड रिक्वेस्ट पाठवा. टेक्सासमध्ये पब्लिक इन्फॉर्मेशन ॲक्ट आहे, गव्हर्नमेंट कोडचं 552 वं चॅप्टर, अटकेची मूळ माहिती त्यांना सहसा लपवता येत नाही, साध्या कॉपीचे पानाला 10 सेंट. पण हा कायदा कोर्टाला लागू नाही, तिथे क्लर्ककडेच जायचं. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर काय काय द्यायचं याची यादीच आहे, बुकिंगची वेळ, जामिनाची रक्कम, आणि सुटका कधी व कशी झाली ते, उत्तर 10 दिवसांत. न्यू जर्सीत असाच कायदा ओप्रा नावाचा, कामाचे 7 दिवस. रिक्वेस्टमध्ये गोष्ट सांगू नका. नाव, जन्मतारीख, बुकिंग नंबर, ‘बुकिंग आणि रिलीजची तारीख, वेळ आणि रिलीजचा प्रकार द्या’, संपलं. मी एकदा एका काउंटीला दोन पानी पत्र लिहिलं होतं, तीन आठवड्यांनी ‘नेमकं काय हवंय’ म्हणून परत आलं.

आता त्या जाहिरातींच्या साइट्स. त्या मगशॉटवाल्या, म्हणजे अटकेच्या वेळचे फोटो टाकणाऱ्या. मला मनापासून चीड आहे त्यांची. केस डिसमिस झालेल्या पोराचा फोटो वर्षानुवर्षं तसाच, आणि काढायला पैसे मागायचे. कॅलिफोर्नियाने 2015 पासून असे पैसे घेणं बेकायदा केलंय, 2018 मध्ये तिथल्या ॲटर्नी जनरलनी अशा एका साइटच्या कथित मालकांवर खंडणीचे आरोप ठेवले. या साइट्सवर निकाल अपडेट होईलच असं नाही, पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यांत जुनी रेकॉर्ड्स आपोआप सील होतात, तीही इथे तशीच पडून राहू शकतात. आणि घर भाड्याने देणाऱ्यांनो, अशा पीपल सर्च साइटचा रिपोर्ट बघून भाडेकरू नाकारू नका. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्ट आहे 1970 चा, त्याखाली येणाऱ्या एजन्सीकडूनच रिपोर्ट घ्यायचा, आणि त्यावरून नाही म्हटलं तर त्या माणसाला तसं कळवावं लागतं.

नगरच्या काकू, तुमच्यासाठी. अटक झाली की भारताच्या कॉन्सुलेटला आपोआप कळतं असं नाही, अटक झालेल्याने मागणी केली तरच कळवतात. आणि ‘तुमचा मुलगा जेलमध्ये आहे, आत्ता पैसे पाठवा’ असा फोन आला तर आधी काउंटी आणि बुकिंग नंबर विचारा, फोन ठेवा, आणि त्या शेरीफ ऑफिसचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन करा.

शेवटची कमेंट. एका बाईंनी नाव न घालता लिहिलंय, नवऱ्याला पकडलंय, तो बाहेर येईल तेव्हा मला आधी कळेल का. ताई, व्हाइन नावाची सोय आहे, माणूस जेलमधून सुटला की ती तुम्हाला फोन करून कळवते, बऱ्याच राज्यांत, फुकट. 1993 मध्ये केंटकीतल्या लुईव्हिलला मेरी बायरन नावाच्या मुलीला तिच्या एकविसाव्या वाढदिवशी जुन्या मित्राने मारलं, तो जेलमधून बाहेर आलाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, त्यानंतर 1994 मध्ये ही सोय तिथे सुरू झाली. नाव नोंदवा, चार आकडी पिन ठरवा जो त्याला सुचणार नाही, फोन आला की पिन दाबायचा, नाहीतर फोन येतच राहतो. नवऱ्याला माहीत नसलेला नंबर द्या, आणि ईमेल पण जोडा. तुमच्या राज्यात व्हाइन नसेल तर शेरीफ ऑफिसात व्हिक्टिम असिस्टन्स म्हणून विचारा. पण ताई, यंत्र आहे ते, उशीर होऊ शकतो, फोन आला नाही म्हणजे तो आतच आहे असं धरून घरी थांबू नका. जेलला स्वतः फोन करा, बुकिंग नंबर सांगा, आणि ‘रिलीज्ड’ म्हणाले तर लगेच विचारा, कुणाच्या ताब्यात दिला की रस्त्यावर सोडला. घरातून निघायचं असेल तर घरगुती हिंसाचाराची हेल्पलाइन 1-800-799-7233, चोवीस तास चालू असतो, दुभाष्या मागा, मराठीतून बोला.